शिल्लक तास

फोन आला तेव्हा तो कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होता. निवृत्त झाल्यापासून घरातली कुरकुरणारी प्रत्येक वस्तू त्याने एकेक करून गप्प केली होती, आणि हे कपाट बहुधा शेवटचं होतं. तेलकट बोटं कुठे लागू नयेत म्हणून त्याने फोन गाल आणि मनगट यांच्यामध्ये धरला. पलीकडे एक बाई होती, जरा घोगऱ्या आवाजाची. तिने त्याच्या बायकोचं नाव घेतलं, आहेत का म्हणून विचारलं. बहिणीकडे गेलीय, त्याने सांगितलं, बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं, बरेच दिवस झाले आता. ‘अरेरे, म्हणजे त्या ताईच ना?’ बाई म्हणाली, आणि मग दूधवाल्याने रिकाम्या बाटल्या मागाव्यात इतक्या सहजपणे तिने सांगितलं की बाईंचे नाचाचे काही तास शिल्लक आहेत, पैसे आधीच भरलेले आहेत, वर्ष संपलं की ते बाद होतील, तेवढं कळवायचं होतं. तिने पत्ताही सांगितला. तो ‘बरं’ म्हणाला. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो तिथेच उभा होता. चुकीचा नंबर म्हणावं तर नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं, आणि त्या बाईला ताईसुद्धा माहीत होती.

शहराच्या वाहतूक कचेरीत त्याने उभा जन्म बसगाड्यांची वेळापत्रकं केली होती. कुठली गाडी आगारातून कधी निघेल, कुठे किती थांबेल, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला चहापुरता किती विसावा मिळेल, हे त्याच्या पेन्सिलीने ठरायचं. आणि तो विसावा त्याने वर्षानुवर्षं इतक्या सफाईने कापत आणला होता की आगारात त्याला ‘कात्री’ म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं त्याला काही दिसलं नव्हतं. रिकामी फिरणारी गाडी आणि नुसती उभी असलेली गाडी ही दोन पापं, असं तो नव्या माणसांना सांगत असे. संध्याकाळी घरी आलं की बायको चहा घेऊन समोर बसायची आणि दिवसभराचं सांगायची, गळका नळ, वरच्या मजल्यावरची शेजारीण, मुलीचा फोन. तो ऐकायचा. आता त्याने एखादा मार्ग आखावा तसा तिचा दिवस मनातल्या मनात मांडून पाहिला. सकाळ भराभर भरली. संध्याकाळ भरली. दुपारवर येऊन पेन्सिल थांबली. दुपारी ती काय करते हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे त्याला कधी प्रश्नच पडला नव्हता. त्याच्या लेखी दुपारी ती आगारात उभी असायची.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिचा फोन आला. ताई आज पलंगावरून एकटी उतरली. गॅस आला का, जेवलात का. तो हो, हो म्हणत राहिला. प्रश्न अगदी जिभेवर होता, पण विचारायचं म्हटलं की त्याचं वाक्यच होईना. तू नाच शिकत होतीस? हे इतकं हास्यास्पद वाटत होतं की विचारणाराच वेडा ठरावा. मग त्याने ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हणाला, पायांना बरं आहे ना तुझ्या, फार उभं राहावं लागत असेल. ‘माझ्या पायांना काय धाड भरलीय?’ ती म्हणाली. आणि एकदम त्याला आठवलं, की मागे काही संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा ती गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलेली असायची. काय झालं, तो विचारायचा. चालले जरा जास्त, ती म्हणायची. तो तेवढ्यावर वर्तमानपत्र उघडायचा. तिची बोटं पाण्यात हळूहळू हलत असायची, बोटांना काहीतरी माहीत असल्यासारखी. रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने तिचं कपाट उघडलं. दारानं आवाज केला नाही, तेल चांगलं मुरलं होतं. खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेले, मऊ कातड्याचे बूट होते, तळ पातळ झालेले, डाव्याची टाच एका बाजूने जास्त झिजलेली. त्याने ते होते तसे गुंडाळून ठेवले.

तो तिथे गेला तो तास रद्द करून पैसे परत मागायला, असं तो स्वतःला सांगत होता. टायरच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली होती, लाकडी जमिनीची, एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या. खालून रबराचा वास येत होता. फोनवरची बाई साठीची, अंगाने भरलेली, केस आखूड कापलेली निघाली. ती शिकवायची ती जोडीचे नाच, एका वेळी एकाच माणसाला, म्हणजे विद्यार्थ्याच्या समोर जोडीदार म्हणून ती स्वतःच असायची. पैसे परत मिळत नाहीत, ती म्हणाली, पण घरातल्या कुणीही तास वापरलेले चालतात. तिने हे नियम म्हणून सांगितलं, आमंत्रण म्हणून नाही. तो आरशातल्या स्वतःकडे पाहत होता, हातात छत्री, खांदे पुढे झुकलेले, आत्ता निघायचंय असं दिसणारा माणूस. वाया जाऊ द्यायचे म्हणजे काय, त्याच्या मनात आलं. भरलेले पैसे, मोकळी दुपार, धडधाकट पाय. ‘मी वापरतो,’ तो म्हणाला, आणि छत्री ठेवायला जागा शोधू लागला.

एकदा हातात घेतलं की अर्धवट सोडायचं हा त्याचा स्वभाव नव्हता. पहिल्या दुपारनंतर त्याने त्या तासांचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यायचा याचा विचार सुरू केला. अंग मोकळं करायचे व्यायाम तो घरूनच करून येऊ लागला, त्यात तासाचा वेळ का घालवायचा. मास्तरीणबाई संगीत लावायला जायच्या तेवढ्यात तो मागचा धडा एकदा उगाळून घ्यायचा. घरी बोळात, भिंतीला खांदे घासत, तो एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत न्हाणीघरापर्यंत जायचा आणि परत यायचा, आणि पुढच्या वेळी एकच नेमका प्रश्न घेऊन हजर व्हायचा, टाच आधी की चवडा, वळताना नजर कुठे. जमीन खिडकीकडे उतरती आहे, एकदा त्याने तक्रार केली, त्यामुळे त्याचं पाऊल लांब पडतंय. ‘नाचता येईना अंगण वाकडं,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसली. पण एका तासात दोन नाच शिकवाल का, असं त्याने विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा हात खांद्यावरून काढून ठेवला आणि त्या खुर्चीवर बसल्या. तुम्ही तास भरून घेता, त्या म्हणाल्या, पोतं भरावं तसा. ठोका पडायच्या आधीच तुमचं पाऊल पुढे गेलेलं असतं. मला वाटतं कुणीतरी मला गर्दीतून ढकलत नेतंय. त्या रागावल्या नव्हत्या. त्या आपली पोटरी चोळत होत्या आणि बोलत होत्या.

आणि मग, काही विचारलेलं नसताना, त्या त्याच्या बायकोबद्दल बोलल्या. तुमच्या बाई अगदी उलट, त्या म्हणाल्या. आल्या की चपला काढायच्या, त्या तिथल्या खुर्चीवर बसायच्या, आणि बसून राहायच्या. कधी कधी निम्मा तास. मी आधी विचारायची, सुरू करायचं का, तर म्हणायच्या, थांबा हो जरा. मग उठायच्या तेव्हा बरं नाचायच्या. तो खुर्चीकडे पाहत राहिला. निम्मा तास! भरलेल्या पैशांचा, नुसतं बसून! ‘तुम्ही काही बोलला नाहीत?’ त्याने विचारलं. ‘मी काय बोलणार? तास त्यांचा.’ मग येणं का बंद केलं, असं त्याने विचारलं. ताईचं पडणं हेच उत्तर येणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. मास्तरीणबाईंनी थोडं आठवल्यासारखं केलं. ‘नाही, ते त्याच्या बरंच आधी. म्हणाल्या, आता मिस्टर घरी असतात, जमायचं नाही.’ त्या हे इतक्या साधेपणाने बोलल्या, की त्यानेही तितक्याच साधेपणाने मान हलवली, त्या उठल्यावर हात पुन्हा जागेवर ठेवला आणि पाऊल टाकलं. संगीत अजून लावलेलंच नव्हतं.

त्या दिवशी तो घरी पायी गेला. रस्त्यात माणसं घरी चालली होती, दुकानांची दिवेलागण झाली होती, एक बाई एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा कान धरून चालली होती. मिस्टर घरी असतात. निवृत्तीचा पहिला महिना त्याला चांगला आठवत होता, कारण तो त्याला फार आवडला होता. त्याने स्वयंपाकघराची फडताळं नव्याने लावली, रोज लागतं ते हाताशी, क्वचित लागतं ते वर. तिची तिथे नेहमी उडणारी धांदल वाचावी म्हणून. ती पुढे कितीतरी दिवस साखरेसाठी जुन्याच जागी हात घालायची आणि हात तसाच अधांतरी थांबायचा. ती बाहेर निघाली की तो विचारायचा, कुठे, किती वेळ लागेल, मग येताना तेवढं हेही करून ये, म्हणजे वेगळी फेरी नको. त्यात राग नव्हता, संशय तर अजिबात नव्हता. ते प्रेमच होतं असं तो कुठेही शपथेवर सांगू शकला असता. आणि तरुणपणी, लग्न नवं असताना, दोघं फिरायला निघाली की तो पुढे असायचा आणि ती मागे. ‘मी काय तुमचं सामान आहे का?’ ती एकदा भर रस्त्यात म्हणाली होती. मग तो तिच्या कोपराला धरून चालू लागला होता. ही सुधारणा आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता त्याला आपल्या तळहातात ते कोपर जाणवलं, बारीक, टणक, किंचित मागे ओढलेलं. मागे ओढलेलं होतं ते! इतकी वर्षं ती माहिती त्याच्या हातात होती आणि वर पोचलीच नव्हती.

ताई पडल्याचा निरोप आला तेव्हा ती किती झटकन निघाली, हेही त्याला दिसू लागलं. काळजीने निघाली, खोटं नाही ते. पण बॅग भरताना ती गुणगुणत होती की काय? की हे तो आता घालतोय त्या आठवणीत? रोजच्या फोनवर ती सांगायची, ताईला अजून जिना जमत नाही. तो म्हणायचा, घाई करू नका. आणि फोन ठेवल्यावर अंधाऱ्या बोळात उभा राहून विचार करायचा की जिना खरंच इतका अवघड आहे का. त्या जिन्याच्या पायऱ्या त्याने पाहिल्या होत्या, ठेंगण्या, रुंद. मग त्याला स्वतःची लाज वाटायची. घर शांत होतं. एकही बिजागरी वाजत नव्हती. त्याला वाटायचं, ती आलीच नाही तर कुणाला काही वेगळं दिसणारही नाही, तीही सांगणार नाही, मीही विचारणार नाही, ताईचा जिना असाच वर्षानुवर्षं अवघड राहील.

नाच मात्र तो शिकत राहिला. आता प्रश्न घेऊन जाणं त्याने सोडलं. एकदा तर मास्तरीणबाईंना फोन आला आणि त्या बोलत बसल्या, तर तो खुर्चीवर बसून राहिला, रागावला नाही, खालच्या दुकानात कुणी टायर आपटत होतं ते ऐकत राहिला. शेवटच्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही. एक लांबलचक, संथ गाणं लावलं आणि त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. ठोका पडला आणि तो हलला नाही. दुसरा पडला. मग त्याच्या ध्यानात आलं की मास्तरीणबाईंचं वजन आधी एका पायावर होतं आणि आता दुसऱ्यावर जातंय, आणि ते जाईपर्यंत थांबता येतं, आणि थांबण्यात काही सांडत नाही. तो त्या वजनाबरोबर निघाला. खोली सावकाश फिरू लागली, आरसा, खुर्च्या, दार, आरसा. आपला हात कुणाच्या तरी पाठीवर आहे आणि तो हात काहीही करत नाहीये, ही गोष्ट त्याला इतकी नवी होती की त्याचे डोळे भरून आले. मास्तरीणबाईंना ते दिसलं असावं. पण त्या त्याच्या खांद्यापलीकडे पाहत राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, ‘झालं. हिशेब पुरा.’ जिना उतरताना त्याला वाटत होतं, आता तिला सांगायचं. फोनवर नाही, समोर. आता दोघांनी मिळून जायचं, नवे तास घ्यायचे, आणि तिला दिसेल की आपला माणूस थांबायला शिकलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो ताईच्या गावी गेला. ताई चार पायांची काठी पुढे सरकवत खोलीतल्या खोलीत चालत होती, आणि बायको तिच्यामागे, हात न लावता, पण हात तयार ठेवून चालत होती. त्याला बघून दोघींना आश्चर्य वाटलं. चहापाणी झालं. ताई आडवी झाल्यावर ती दोघं मागच्या गच्चीत गेली. तिथे धुतलेल्या चादरी वाळत होत्या आणि बसायला एक जुनी पेटी होती. त्याने सगळं सांगितलं. फोन, टायरचं दुकान, एक-दोन-तीन, अंगण वाकडं. सांगता सांगता त्याला हसू येत होतं. ती हसत नव्हती. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला, संध्याकाळी दुकानाची एकेक फळी लागत जावी तसा, आणि मग त्याचंही बोलणं मंदावलं.

‘सगळे वापरलेत?’ तिने विचारलं.

‘सगळे. बाद होणार होते.’

‘होऊ द्यायचे होते.’

वाऱ्याने चादर फुगली आणि बसली.

‘मला नाच एवढा काही आवडत नाही,’ ती म्हणाली. ‘पाय दुखतात. पण तिथे जाऊन बसलं की तो वेळ कुणाचा नसायचा. घराचा नाही, मुलीचा नाही, तुमचा नाही. मी कुठे आहे हे जगात कुणाला माहीत नाही, असं वाटायचं. बाईंना माहीत असायचं, पण त्या काही विचारायच्या नाहीत. तुम्ही घरी बसलात आणि ते संपलं. तरी मनात असायचं, की आहेत ते तास तिथे. न जाता पण आहेत.’ तिने पेटीच्या कडेवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. ‘आता तिथे तुम्ही जाऊन आलात.’

त्याला खूप काही म्हणायचं होतं. की त्याला माहीत नव्हतं. की तिने सांगायला हवं होतं. आणि सांगितलं असतं तर ते उरलंच नसतं, हेही लगेच त्याच्या लक्षात आलं. की तो थांबायला शिकलाय. यातलं शेवटचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण ते बोलायचं म्हणजे पुन्हा ठोक्याच्या आधी पाऊल टाकणं होतं. तो बसून राहिला. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी. बऱ्याच वेळाने तीच बोलली.

‘मी दुसरं काहीतरी शोधीन,’ ती म्हणाली. ‘आणि ते तुम्हाला सांगणार नाही.’

‘नको सांगूस,’ तो म्हणाला.

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, नीट, एखाद्या माणसाचं नाव आठवत नसताना पाहतात तसं. आतून ताईची हाक आली, काय खलबतं चाललीयत म्हणून. तिला थोडंफार ऐकू गेलं होतं. आत गेल्यावर तिने हट्टच धरला की काय शिकलात ते करून दाखवा. त्याने पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत, हात हवेत धरून, दाखवलं. ताई इतकी हसली की तिला खुब्याला हात धरावा लागला. बायको दारात उभी होती, हातात घडी केलेल्या चादरी. तिलाही हसू आलं, आणि ते लपवायला तिने चादरीत तोंड घातलं. पण ती पुढे आली नाही, आणि त्यानेही हात तिच्याकडे केला नाही. दुपारच्या गाडीने तो परतला.

ताईला जिना जमू लागला तशी ती घरी आली. फडताळातली साखर कुठे असावी ते तिने ठरवलं. तो बघत राहिला. दिवस पूर्वीसारखेच चालू झाले, म्हणजे तसे वाटत होते. मग एका दुपारी, जेवणाची भांडी आवरून झाल्यावर, तिने केस विंचरले, पिशवी घेतली, पायांत साध्या चपला घातल्या. तो कोडं सोडवत बसला होता. ‘येते हं,’ ती म्हणाली. किती वेळ, कुठे, येताना काय, हे सगळं त्याच्या तोंडात सवयीने गोळा झालं आणि तिथेच राहिलं. ‘ये,’ तो म्हणाला. दार लागलं. जिन्यावर तिची पावलं वाजली, उतरत गेली, तळाशी जरा थांबली. त्यांच्या पुढच्या गॅलरीतून फाटक दिसतं, आणि फाटकाबाहेर रस्ता दोन्हीकडे फुटतो. एक बाजाराकडे जातो, एक बसच्या थांब्याकडे. तो उठला होता. खुर्ची मागे सरकली होती, एक हात गॅलरीच्या दाराच्या कडीपर्यंत गेला होता, आणि फाटकाचा आवाज आत्ता येईल, एवढाच अवकाश होता. तो तिथून फिरला आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, रुसलेल्या मुलासारखा. फाटक वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. ती कुठल्या बाजूला वळली, ते त्याला आजतागायत माहीत नाही.